रविवारचं कॅबिनेट

‘खाऊ नका’ असं त्या पुडीवर छापलं होतं, पाच-सहा भाषांत, एकाखाली एक. आणि ज्या भाषा तिला येत नव्हत्या त्यांतही तेच छापलेलं असणार. बोटाच्या पेराएवढी पांढरी पुडी. चिमटीत धरून हलवली की आतले दाणे सरकत आणि कुठेतरी लांब, बंद दाराआड, कोणी धान्य पाखडत असल्यासारखा आवाज येई... तिने ती कानाशी नेली, पुन्हा हलवली. हे दाणे म्हणे हवेतला ओलावा पितात—खोक्यात, अंधारात, कोणी बघत नसताना—आणि बाहेरून पाहावं तर पुडी आपली तशीच, कोरडी, हलकी.

“खायची नाहीये ती,” बाबा म्हणाले.

“वाचलं मी.”

“नाही, बराच वेळ हातात धरून बसलीस, म्हणून म्हटलं.”

तिने पुडी बाजूला ठेवली. जमिनीवर जुनी चादर पसरलेली, चादरीवर उन्हाचा चौकोन, आणि त्या चौकोनात खोक्यातून नुकतंच बाहेर काढलेलं कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट—पांढरं, उभं, एका बाजूला अख्खी काच. काचेवरची पातळ फिल्म अजून सोललेली नव्हती, त्यामुळे आतली पोकळी धुक्यातून दिसावी तशी दिसत होती. आज कॅबिनेटची बैठक आहे म्हणायची, असं बाबा दारातून आत येतानाच म्हणाले होते. खातेवाटप व्हायचंय, एकही मंत्री अजून जागेवर नाही, मला आपलं बिनखात्याचं ठेव, मी नुसता खुर्ची अडवून बसेन. मग खरोखरच त्यांनी खिडकीजवळची खुर्ची ओढली, खिशातून भिंग काढलं, आणि मदरबोर्डबरोबर आलेलं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पहिल्या पानावर, ही वस्तू जुनी झाल्यावर घरच्या कचऱ्यात टाकू नका, एवढंच होतं. ते त्यांनी तिला वाचून दाखवलं.

बाबा म्हणजे तिचे सासरे. होते म्हणावं, तर ते हे इथे समोर बसलेले. आहेत म्हणावं, तर ज्याच्यामुळे ते सासरे झाले त्याच्याशी तिचा काडीमोड होऊन कितीतरी वर्षं लोटली होती. या नात्याला काय म्हणतात ते तिने कधी शोधलं नाही. शेजारणीने एकदा जिन्यात विचारलं होतं, वडील का? आणि ती ‘हं’ म्हणाली होती, जो हो नव्हता आणि नाहीही नव्हता. पूर्वी ते तिला सूनबाई म्हणत, थोडं थट्टेने, नाटकातल्या सासऱ्याचा आवाज काढून. काडीमोडानंतर काही महिने ते तिला काहीच म्हणत नसत. फोनवर त्यांची वाक्यं मधूनच सुरू होत, बिनाडोक्याची. मग हळूहळू ‘अगं’ आलं. नुसतं अगं, त्यापुढे काही नाही. तिने मात्र बाबाच ठेवलं. एकदा काका म्हणून पाहिलं होतं, फोनवरच, आणि दोघंही इतका वेळ गप्प झाले की लाइन तुटली असं समजून दोघांनीही हॅलो हॅलो केलं.

रविवारी येण्याचा पायंडा तर आपोआपच पडत गेला. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा ती त्या घरची कोणी राहिली नव्हती, तरी दुपारी इस्पितळात जाऊन बसायची, कारण येऊ नकोस असं कोणी म्हटलं नाही. सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या एका रविवारी बाबा तिचा डबा परत करायला आले. जाताना तिने तो भरून दिला. भरून दिला म्हणजे पुढच्या रविवारी परत करणं आलं. असं होता होता डबा नेमका कोणाचा हेच दोघं विसरून गेले, आणि मग एकदा तो बसमध्ये राहिला, हरवला—तरी त्यापुढच्या रविवारी बाबा आलेच. रिकाम्या हातांनी, दारात क्षणभर ओशाळून उभे. ती म्हणाली होती, या ना. एवढंच.

...प्रोसेसरच्या कोपऱ्यात एक सोनेरी त्रिकोण असतो, मुंगीच्या डोक्याएवढा. तसाच एक त्रिकोण मदरबोर्डवरच्या त्याच्या जागेच्या कोपऱ्यात. त्रिकोणासमोर त्रिकोण आला की सोडून द्यायचं—दाबायचं नाही, ढकलायचं नाही, तो त्याच्याच वजनाने बसतो. महिनाभर ती याच गोष्टीचे व्हिडिओ बघत होती, अनोळखी माणसांचे स्वच्छ नखांचे हात, आणि झोप लागता लागता ते हात तिच्या पापण्यांच्या आत सावकाश काहीतरी खाली ठेवत राहायचे. खाली केसांहून बारीक पिना होत्या, गवतासारख्या दाट, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, जणू त्यांच्यावरून नुकताच वारा गेला होता. त्यातली एक वाकली तरी सगळं फुकट. ती प्रोसेसर दोन बोटांत धरून श्वास रोखून वाकली, आणि तेवढ्यात, बघू तरी कसं आहे म्हणत, बाबाही वाकले. भिंग त्यांच्या बोटांत सैल झालं, त्या पिनांच्या बरोबर वर—

“थांब, बाबा.”

भिंग थांबलं. हवेतल्या हवेत त्यांनी मूठ आवळली.

“थांबलो,” ते म्हणाले, आणि हात मागे घेऊन पाठीशी बांधून उभे राहिले, शिक्षा झालेल्या मुलासारखे.

प्रोसेसर बसला. काहीही आवाज न करता बसला. मग तिच्या लक्षात आलं की ती थांबा म्हणाली नव्हती. थांब म्हणाली होती. स्वतःच्या वडिलांना ती अरे-तुरेच करायची, ते गेले तेव्हा ती शाळेत होती, आणि त्यानंतर घरात मोठ्या कोणाला ‘तू’ म्हणायची वेळच आली नाही... तो एवढासा ‘तू’ इतकी वर्षं कुठे पडून होता? आणि असा अचानक, तोंडात पाणी यावं तसा कसा आला? तिने बाबांकडे पाहिलं. ते समोरच्या इमारतीकडे बघत होते. तिथे दोरांना टांगलेल्या फळीवर बसून दोघं रंगारी भिंत रंगवत होते. वरचे मजले फिकट निळे झालेले, खालचे अजून मातकट, आणि ते दोघं त्या दोन रंगांच्या सीमेवर पाय हलवत बसलेले.

त्यानंतरची, प्रोसेसर दाबून धरणारी दांडी खाली ओढायला मात्र जोर लावावा लागतो. इतका, की काहीतरी मोडतंय असं वाटतं. कुरकुरतं, आणि त्या कुरकुरीतूनच जोर लावत जायचं. मला ही कुरकूर माहीत होती. लग्नानंतर आमचं जुनं मशीन त्याने जोडलं तेव्हा मी शेजारी बसून त्याच्या हातात स्क्रू देत होते, आणि हा आवाज झाल्यावर मी डोळे मिटून घेतले होते, आणि तो हसला होता—वाईट नाही, छानच हसला होता, त्या हसण्यात मी होते. स्क्रू देणारी मी. तेव्हा मला वाटायचं, असंच असतं, एकाने जोडायचं आणि एकाने देत राहायचं, आणि देणाऱ्यालाही तितकंच घर मिळतं... आता दांडी खाली बसली, आकड्यात अडकली. तिने डोळे मिटले नव्हते.

ते जुनं मशीन टेबलाखाली होतं अजून, काळं, धापा टाकणारं. ती डॉक्टरी शिकणाऱ्या मुलांसाठी सांध्यांची हलती चित्रं करते—गुडघा कसा दुमडतो, खांदा कुठवर फिरतो, कूर्चा झिजली की हाडाला हाड कसं लागतं. अलीकडे एक गुडघा एकदा दुमडायला त्या मशीनला अख्खी सकाळ लागायची. बाबा म्हणायचे, माझ्यासारखंच झालंय त्याचं. जिना चढताना मीही असाच आवाज करतो. नवं मशीन दुकानातून जोडून आणता आलं असतं. पण तिने ठरवलं, भाग आणायचे, आपण जोडायचं. का, ते कोणी विचारलं नाही, आणि बाबांनी तर विचारलंच नसतं.

तिने काचेवरची फिल्म सोलायला घेतली. एका कोपऱ्यातून, सावकाश. धुकं मागे सरकत गेलं आणि आतली जागा एकदम स्पष्ट झाली—पांढऱ्या भिंती, भिंतीत केबल जाण्यासाठी रबरी ओठांची भोकं, पितळेच्या छोट्या छोट्या खुंट्या, ज्यांच्यावर मदरबोर्ड टेकायचा. काच उतरवून तिने डोकं आत घातलं, खरं तर खुंट्या तपासायला. आत नव्या रंगाचा आणि पुठ्ठ्याचा वास होता. आणि शांतता, वेगळीच... अशीच शांतता एका घरात होती, सामान यायच्या आधी. आम्ही दोघं, आणि सासूबाई, आणि बाबा, चौघं त्या रिकाम्या खोल्यांतून फिरत होतो, आणि प्रत्येक वाक्य भिंतीवरून परत येत होतं, म्हणून सगळे हळू बोलायला लागलो होतो. सासूबाई म्हणाल्या, इथे पलंग. भिंत म्हणाली, पलंग. मग त्यांनी एका कोपऱ्याकडे बोट केलं आणि काही म्हटलंच नाही. कोपरा लहान होता, पाळण्याएवढा. पुढे तिथे कपड्यांचं स्टँड आलं, आणि त्याबद्दल त्या घरात कोणी कधी एक शब्द बोललं नाही—जे नाही झालं ते नाही झालं. त्याचं दुःख होतं की नाही, हेसुद्धा मला नीट आठवत नाही आता. आठवतो तो आवाज. पलंग. पलंग...

“बाहेर ये,” बाबा म्हणाले. “मंत्र्यांच्या आधी तूच आत जाऊन बसशील.”

मदरबोर्ड आत गेला. बाबांनी कॅबिनेट आडवं धरलं, तिने एकेक स्क्रू आवळला. पॉवर सप्लाय खालच्या कप्प्यात सरकवला. मग मागची बाजू उघडून केबल ओढायचं काम—ते बाबांना मनापासून आवडलं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, दोऱ्या काढायच्या आणि दोऱ्या खुपसायच्या. याचा आवाज त्याच्या कानात नेऊन सोडायचा. जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा, हे ते अजूनही अभिमानाने सांगत. दुसऱ्याच्या बोलण्यात त्यांनी कधी क्षणभरही कान ठेवला नाही. घरीही त्यांनी तोच नियम पाळला. इतक्या वर्षांत मुलाचा एक शब्द त्यांनी तिच्यापर्यंत आणला नाही, की तिचा त्याच्याकडे नेला नाही. त्याचं नाव तर दोघांच्या बोलण्यातून केव्हाच गेलं होतं. तो आता एक दिशा झाला होता. तिकडे पाऊस आहे म्हणे. तिकडची घड्याळं मागे आहेत. एवढंच, हवापाण्यासारखं.

ती मागच्या बाजूने एक जाड केबल वर नेत होती. पॉवर सप्लायपासून निघून, बोर्डाच्या पाठीमागून, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या भोकातून पुढे काढायची—प्रोसेसरला वीज देणारी. केबल तिच्या हातात होती.

“तिकडून फोन होता,” बाबा म्हणाले.

“हं.”

“तिकडे ये म्हणतोय. राहायलाच.” मग, बोलायचं ते एकदाच बोलून टाकावं तसे म्हणाले, “मुलगी झालीय त्याला. झाले काही महिने. मला तुला सांगता येईना.”

ती म्हणाली, अरे वा. आवाज नीट निघाला, अगदी नीट, जाहिरातीतल्या बाईसारखा. मग ती म्हणाली, ती पक्कड द्या जरा. पक्कड कशाला हवी होती ते तिला माहीत नव्हतं, पण बाबांनी दिली, आणि तिने ती घेऊन हातात धरली. उन्हाचा चौकोन चादरीवरून पुढे सरकला होता. रंगारी एक मजला खाली आले होते. दोघांपैकी एक जण डबा फळीवर ठेवून, मान मागे टाकून, आकाशाकडे नुसता बघत बसला होता, आणि तिला वाटलं, तो आत्ता तिथून हळूच सुटेल आणि पडणार नाही, वर जाईल, फिकट निळ्यात फिकट निळा होत... पुढचं बरंचसं काम तिने तसंच केलं, पाण्याखालून केल्यासारखं. हात आपापले जात होते. रॅमच्या पट्ट्या दाबल्या, दोन्ही बाजूंनी टक् झालं. ग्राफिक्स कार्ड बसवलं, जड, कोणाचं तरी झोपलेलं पोर उचलावं तसं दोन्ही हातांनी, आणि ही उपमा तिला नको असताना सुचली, आणि तिने कार्ड जरा जास्तच जोरात दाबलं. समोरच्या बटणाच्या बारीक वायरी बाबांनी लावल्या, जीभ दातांत धरून. जुन्या मशीनमधली डिस्क काढून तिने नव्यात बसवली. मागची बाजू बंद केली. काच लावली.

जेवायला त्यांनी ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली, ताटल्या मांडीवर घेऊन, कारण टेबलावर रिकामी खोकी होती. बाबा हळूहळू सगळं सांगत होते, तुकड्यातुकड्याने, अंड्याचं कवच काढत. तिकडची बायको नोकरीवर परत जाणार आहे. मूल सांभाळायला परकं माणूस ठेवायला दोघांना नको वाटतं. बाबांसाठी खोली काढून ठेवली आहे, समुद्र दिसतो म्हणे, थोडासा, खिडकीतून वाकलं तर. बाबांचं इथलं घर भाड्याने देता येईल. अजून काही कळवलेलं नाही. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. कुठे काय म्हणायचं ते तिला कळत होतं आणि ती ते म्हणत होती. विमानात पाय मोकळे करत जा. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. जणू ते निघालेच होते.

मग बाबांनी ताटली खाली ठेवली.

“तू म्हणालीस तर नाही जात,” ते म्हणाले.

तिला राग आला. तो इतका लांबून आला की येताना दिसला, आणि तरी तिला बाजूला होता आलं नाही. असं कसं कोणी कोणाच्या ओटीत काहीही टाकतं? राहा म्हणायला मी कोण? आणि जा म्हणायला तरी कोण? कोणत्या नात्याने म्हणू—शेजारणीला दिलेल्या त्या ‘हं’च्या नात्याने? हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना जोडून देऊन स्वतःचा कान काढून घेत आला, आणि आज त्याने दोरीचं टोक माझ्या हातात दिलंय आणि वर साळसूदपणे ब्रेडचे तुकडे वेचतोय... तिने ताटल्या उचलल्या, विसळल्या. विसळताना राग पाण्याबरोबर थोडा गेला. थोडा राहिला.

“चालू करून बघू,” ती हात पुसत म्हणाली.

बटण दाबलं. आतले पंखे थरथरले आणि फिरू लागले, काचेआड एक फिकट प्रकाश पसरला, आणि बाबांनी नकळत दोन्ही हात जोडले. पण पडदा काळाच राहिला. पंखे फिरत होते, दिवा होता, सगळं जिवंत असल्यासारखं दिसत होतं. आत मात्र कोणी जागं झालं नव्हतं. तिने बंद केलं, पुन्हा चालू केलं. तेच. पडद्याची वायर काढून लावली, रॅमच्या पट्ट्या काढून बसवल्या. तेच. बाबा माहितीपुस्तकाची पानं उलटत होते आणि मधूनच मोठ्याने वाचत होते; त्यात अडचण आल्यास विक्रेत्याशी संपर्क साधा असं होतं.

“गप्प बसा जरा,” ती म्हणाली, आणि तिला लगेच वाईट वाटलं, पण बाबा गप्प बसले, खुर्चीत, हात मांडीवर.

ती चादरीवर बसली आणि तिने डोळे मिटले. सकाळपासून काय काय केलं? एक एक गोष्ट तिने परत हातात घेतली, जशी आठवेल तशी, त्रिकोण, दांडी, खुंट्या, स्क्रू. तिथपर्यंत सगळं लख्ख होतं, प्रत्येक स्क्रूच्या आवळण्यासकट. शेवटून मागे यायला लागली तर काच, डिस्क, वायरी, कार्ड... पण तिथे सगळं पाण्याखाली होतं, हिरवट, हलतं. दोन्हीकडून चालत ती एका जागेपाशी येऊन थांबली. तिथे तिच्या हातात काहीतरी होतं. जाड, काळं, टोकाला चौकटी चौकटींचं तोंड असलेलं. आणि मग हातात पक्कड होती. मधे काय झालं? मधे बाबा म्हणाले—

तिने मशीनचा प्लग काढला, मागची बाजू उघडली. केबल तिथेच होती. अर्ध्यावर, दुमडून पडलेली, भोकापर्यंत न पोचलेली. प्रोसेसरला वीजच मिळत नव्हती. बाकी सगळं फिरत होतं.

लावायला एक मिनिट लागलं असतं. ती केबल हातात घेऊन बसून राहिली. पुन्हा त्या जागेवर आली होती ती, सकाळच्या. पुन्हा केबल हातात, पुन्हा बाबा मागे खुर्चीत, आणि त्यांनी जे सांगितलं होतं ते हवेत तसंच होतं, कोणी उचललंच नव्हतं. तिने उचललं नव्हतं. तिने पक्कड मागितली होती. विमानात पाय कसे मोकळे करायचे ते सांगितलं होतं.

“बाबा,” तिने मागे न बघता विचारलं, “तुम्हाला जायचंय का?”

खाली रस्त्यावर कोणी तरी दुकानाचं शटर वर ढकललं.

“हो,” बाबा म्हणाले.

मग खुर्ची करकरली. ते पुढे झुकले असावेत.

“सांगायला लाज वाटते. या वयात एवढी हाव. पण मला ती हातात घ्यायचीय. फोनवर दाखवतात गं, रोज दाखवतात. फोनवर वजन कळत नाही.”

तिच्या मनात होतं की तो ओढून नेतोय यांना, म्हातारपणी, मूल सांभाळायला; आणि हे माझ्याकडे बघून थांबतील, आणि मी मोठ्या मनाने पाठवेन, किंवा नाही पाठवणार. ते सगळं आता उगाचच झालं. हा माणूस ओढला जात नव्हता. त्याला जायचं होतं. त्या ‘हो’मध्ये काहीतरी इतकं तरुण होतं की तिला मागे वळून बघायचं धाडस होईना, वाटलं, वळलं तर खुर्चीत कोणी दुसराच दिसेल, काळ्या केसांचा, एक्स्चेंजमधून सुटून घरी निघालेला, पहिल्या मुलाला बघायला.

“फक्त,” बाबा म्हणाले, “रविवारचं काय करायचं, ते मला कळत नाही.”

...रविवारचं काय करायचं. म्हणजे त्यांनाही तो प्रश्न होता. म्हणजे ‘तू म्हणालीस तर’ हे तिच्या अंगावर टाकलेलं नव्हतंच. त्यांच्या जवळ या गोष्टीसाठी शब्द नव्हता, तिच्याजवळही नव्हता, आणि त्यांनी हाताला लागला तो शब्द वापरला होता, एवढंच.

“टॉर्च धरता का जरा?” ती म्हणाली. “वरच्या कोपऱ्यात. अजून वर.”

ते आले, गुडघ्यावर हात ठेवून, हूं करत तिच्याशेजारी खाली बसले. टॉर्चचा उजेड थोडा हलत होता. बोर्ड बसवल्यावर त्या कोपऱ्यात बोटं जेमतेम जातात; तिने केबल भोकातून ओढून काढली, टोक चाचपलं, उलटं होतं, फिरवलं. मग दाबलं. दोघांनीही तो आवाज ऐकला.

या वेळी पडदा लगेच उजळला नाही. काळाच राहिला, आणखी थोडा वेळ, आणि त्या काळ्यात तिला काहीच वाटलं नाही, भीतीही नाही. मग उजळला. बाबा म्हणाले, झालं की. अगदी हळू म्हणाले, जणू मोठ्याने म्हटलं तर विझेल.

तिने तिचं काम उघडलं. खांद्याचा सांधा, निम्मा राहिलेला. उजवा हात वर जातो, मागे फिरतो, खाली येतो; काल इथवर यायला मशीन खोकत खोकत थांबत होतं. आता खांदा फिरला. सलग, गुळगुळीत, हाडाचा गोळा खोबणीत लोण्यात फिरावा तसा, एकदा, पुन्हा, पुन्हा. बाबा उभे राहून बघत होते, आणि बघता बघता त्यांचा उजवा हातही वर गेला, मागे जायला लागला आणि अडकला.

“माझा नाही जात.”

“तुमचा मी केलेला नाही.”

“केला असतास तर बरं झालं असतं,” म्हणत ते परत खुर्चीत जाऊन बसले.

रिकामी खोकी तिने एकात एक घातली, चादर झटकली, गुंडाळली. परत आली तेव्हा बाबांना डुलकी लागली होती. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. नवं मशीन चालू होतं आणि त्याचा आवाज इतका कमी होता की आधी तिला वाटलं बंदच पडलं; पडद्यावर खांदा एकटाच फिरत होता, कोणाचाही नसलेला. बाहेर रंगाऱ्यांची फळी आता खिडकीच्या खाली गेली होती, नुसते दोन दोर दिसत होते, ताणलेले, मधून मधून हलणारे. परतीच्या संध्याकाळच्या बसला अजून वेळ होता.

बाबांचे हात मांडीवर उताणे पडले होते. बोटं जराशी वाकलेली. कोणी त्यांत काही ठेवून गेलं असतं तर त्यांनी झोपेतही ते पडू दिलं नसतं. ती समोर स्टुलावर बसली आणि त्या हातांकडे बघत राहिली. किती जड असेल ती? कशी दिसत असेल? कपाळ तिकडचं असेल तर रुंद असणार, आणि रागावली की मधोमध एक उभी आठी. कान सासूबाईंचे असतील कदाचित, चिकटलेल्या पाळ्यांचे. म्हणजे तो चेहरा मला थोडा ओळखू येईल... आणि त्या चेहऱ्याला मी कधीच कोणी नसेन. हा विचार आता टोचेल म्हणून ती स्थिर बसून राहिली, दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहावी तशी. तो तिथे टोचला नाही. कुठेतरी दुसरीकडे, जिथे ती बघत नव्हती तिथे, काहीतरी हललं, आणि ते दुखणं होतं असं तिला म्हणता येईना.

फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. त्याचा चौकोन कापडातून दिसत होता, श्वासाबरोबर वर येणारा, खाली जाणारा. त्यात फोटो असणार, पुष्कळ असणार. इतके महिने ते या घरात त्या फोटोंसकट येत होते, खिडकीजवळच्या या खुर्चीत बसत होते, चहा घेत होते, गुडघ्याबद्दल बोलत होते, आणि तसेच खिसा सांभाळत जिना उतरत होते. त्यांच्या त्या एकटेपणाची तिला आता इतकी कीव आली—कीव नाही, दुसरं काहीतरी—की ती हात पुढे करायच्या बेतात होती.

उठवलं नाही तिने. हे उठावेत असं तिला वाटत होतं, आत्ताच्या आत्ता. आणि ही डुलकी संपू नये, हा खांदा असाच फिरत राहावा, दोर असेच हलत राहावेत, असंही वाटत होतं, तितकंच. त्यांनी डोळे उघडले की काय म्हणायचं ते तिने ठरवून ठेवलं. बघू, म्हणायचं. एवढाच शब्द. दाखवा बघू, या अर्थाने. की पुढचं पुढे बघू, या अर्थाने—ते तिचं तिलाही अजून कळलेलं नव्हतं. तिने तो एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला.